रेडा नव्हे, बैल

वाचकहो, दुसऱ्याच्या रानातलं तण आपल्याला बांधावरूनच दिसतं. मलाही दिसायचं. फोटोतलं तर फारच.

चाळीसएक वर्षांमागची गोष्ट. कंधारकडच्या आमच्या गावात पाच-सहा जणांना फोटोचा नाद लागला होता. कॅमेरा सगळ्यांत मिळून एकच, आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये 12 फोटो. रोल धुवायला नांदेडला जायचा. फोटो आले की पारावर बसून पाहायचे.

माझ्या मावसभावाचा लाल कंधारी बैल माळेगावला खंडोबाच्या यात्रेत विकायचा ठरला होता. देण्याआधी आठवण म्हणून त्यानं तिथंच फोटो काढला. फोटोत बैल काळाकुट्ट. मी म्हणालो, "रेडा कधी घेतलास रे?" सगळे हसले, तोही हसला. पण पुढचा रोल भरला तेव्हा तो काही आला नाही. बैल तर गेला होता, मागं राहिला तेवढा एकच फोटो.

मला चुटपुट लागली. नांदेडच्या फोटोवाल्याला तो दाखवला. त्यानं आधी विचारलं, "यात काय दाखवायचं होतं?" मी म्हणालो, "बैलाचा रंग." मग त्यानं वशिंडावर बोट ठेवलं. "ही कड बघा, किती छान उतरलीय. ऊन मागून होतं, म्हणून कड उजळली अन् अंग सावलीत गेलं. शिवाय काळ्या-पांढऱ्या रोलवर गडद तांबडा काळाच दिसतो. पुढच्या वेळी सूर्य पाठीशी घ्या म्हणावं."

"खूरही कापलाय," मी म्हणालो.

"ते पुढच्या रोलला सांगू."

आता तुमच्या घरची पोरं मोबाइलवर फोटो दाखवत असतील. नुसतं 'छान' म्हणून मोबाइल परत देऊ नका हो. तेही एक प्रकारचं न पाहणंच. काय टिपायचं होतं ते विचारा, जमलेलं आधी दाखवा, मग एखादीच चूक, तीही उपायासकट.

भावाकडं गेलो. वशिंडाचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं. बराच वेळ तो फोटो पाहत राहिला. मग म्हणाला, "खूर बी कापलाय की."

पुढच्या रविवारी कॅमेरा त्याच्याच हातात होता. माझ्या वडलांचा घरातला एकुलता एक चांगला फोटो त्यानंच काढलेला, सूर्य पाठीशी घेऊन. समोरच्या उन्हानं वडलांचे डोळे पार बारीक झालेत. ते मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही.