थोराड कोंबडा राखला तर!

एक वजनकाटा आणि पायात घालायच्या रंगीत कड्या. एवढ्याच सामानावर गावरान कोंबड्या पिढीगणिक थोराड करता येतात! हे उमगल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

एकाच कोंबडीखाली, एकाच दिवशी निघालेली पिल्लं. दाणा तोच, खुराडं तेच. आठव्या आठवड्यात एकेकाला काट्यावर ठेवलं आणि मी बघतच राहिले. सख्ख्या भावांत एक दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट! कळपातल्या अशा फरकातला साधारण तिसरा हिस्सा रक्तातून आलेला धरावा. समजा, कळपाची सरासरी ५०० ग्रॅम आणि पायात कडी घालून वंशासाठी राखलेल्या जड नर-माद्यांची ६५०. वरच्या १५० ग्रॅमपैकी ५० पुढच्या पिढीच्या सरासरीत उतरतात. त्यापुढच्या पिढीत त्यावर आणखी भर!

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात पॉल सीगल यांनी १९५७ साली पांढऱ्या प्लिमथ रॉक कोंबड्यांवर हेच सुरू केलं. मूळ कळप एकच. ५६व्या दिवशी वजन करायचं, जड पक्ष्यांचा वंश वेगळा वाढवायचा, हलक्यांचा वेगळा. सुमारे चाळीस पिढ्यांनी दोन वंशांच्या वजनात नऊपट फरक पडला. नऊपट! जड वंशाची भूक इतकी वाढली, की त्यांना खाणं मोजून द्यावं लागे. हलक्या वंशातली काही पिल्लं तर दाण्याला तोंडच लावेनात, उपाशी मरत.

त्या हलक्या वंशापाशी मी थबकले. आपल्याकडे गावोगाव तेच तर चालतं! जत्रा आली, पाहुणे आले, व्यापारी दारात आला, की पहिला जातो तो सगळ्यात भरलेला कोंबडा. मागे उरतात किडमिडीत, आणि पुढची पिल्लं त्यांची. निवड पिढ्यानपिढ्या होतेच आहे, पण उलट्या दिशेने.

मला ब्रॉयलर नको. घारीची सावली पडताच पिल्लांना पंखाखाली घेणारी, वेळेवर खुडूक होणारी, उकिरडा उकरून पोट भरणारी कोंबडीच हवी. तिची पिल्लं लवकर भरावीत एवढंच. म्हणून तलंग राखताना तिच्या आईने पिल्लं कशी सांभाळली, हेही बघायचं.

खरी गंमत कोंबड्याची. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, म्हणजे पुढच्या अख्ख्या पिढीचं अर्धं रक्त त्या एकट्याचं! मात्र तो त्याच्याच लेकींवर सोडला, तर अंडी कमी उबतात, पिल्लं मरतुकडी निघतात. नर बदलत राहायला हवा. शेजारच्या वस्तीवरच्या मावशी त्यांचा जड कोंबडा द्यायला तयार झाल्यात, बदल्यात माझा तांबडा. काटा त्यांनाही दाखवला. आता त्याही पिल्लं तोलत बसतात, आणि परवा जत्रेसाठी कोंबडे बघायला आलेल्या व्यापाऱ्याला त्यांनी कड्या घातलेले सोडून बाकीचे दाखवले!