थापटण्याचा हात

विजेच्या चाकावर माझा राग होता. गंमत अशी की चिनी माती ओढायला मी स्वतः शिकलो ते मोटरच्याच चाकावर. पण जुन्या नाशकात, कुंभारवाड्यात तेच चाक दिसलं की जीव खट्टू व्हायचा. सोय माझ्यासाठी, परंपरा त्यांनी सांभाळायची! २०१८ साली खादी आयोगाने कुंभारांना विजेची चाकं द्यायची योजना आणली, तेव्हा काठीने चाक फिरवणारा हात आता संपला, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

मत बदललं ते माठ नीट पाहिल्यावर. माठ चाकावर पुरा होतच नाही. तिथे काठ आणि गळा होतो. अंग जाडच राहतं. जरा सुकल्यावर आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत ते पातळ करायचं, बूड गोल करायचं. भिंत कुठे जाड राहिली ते आवाजावरून कळतं. तांबट आळीतली घागरही अशी ठोकूनच घडायची. संत गोरा कुंभारांनी, म्हणजे गोरोबाकाकांनी, संतांची डोकी कच्ची की पक्की ते तपासलं तेही थापटण्याने, चाकाचा त्या कथेत संबंधच नाही. कथा लहानपणापासून ऐकलेली, पण हे ध्यानात आलं नव्हतं.

चिनी मातीतही तेच. चीनमध्ये जिंगदेझेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावी पूर्वी चाक काठीनेच फिरवत. ही माती आपल्या मातीइतकी लवचीक नाही, चाकावर फार पातळ ओढली की बसते. म्हणून भांडं जाड ओढायचं, साच्यावर थापून नेमकं करायचं आणि सुकल्यावर पात्याने तासायचं. उजेड आरपार जाईल अशी भिंत येते ती तासणाऱ्याच्या हातून. सोंग यिंगशिंग या चिनी लेखकाने १६३७च्या आपल्या ग्रंथात लिहिलंय की एक पेला पुरा होईतो ७२ हातांतून जातो. त्यातला चाकाला गती देणारा तेवढा मी धरून बसलो होतो.

मत बदलण्याचं दुसरं कारण सांगायला मला जड जातं. पुष्कळ कुंभारघरांत बाईने चाकाला बसायचं नाही, असा रिवाज. माती चाळणं, तुडवणं, लीद-राख मिसळणं तिच्याकडे, चाक पुरुषाचं. जड चाकाला खांद्याचा जोर लागतो, असं त्यावर सांगितलं जाई. मोटरने ते कारण काढून घेतलं. रिवाज लगेच गेला असं नाही, पण निदान आता त्याला खांद्याची सबब उरली नाही. परंपरा वाचवा म्हणताना मी हेही वाचवत होतो.

एका बाबतीत मात्र मी अजून काठीच्या बाजूने आहे. काठीचं चाक आधी जोरात फिरतं, मग मंदावत जातं, आणि कुंभार कामाचा क्रम त्यावरच बसवतो: गोळा मधोमध आणायचा तो वेगात, काठ सारखा करायचा तो उतरत्या गतीवर. मोटर थकत नाही, त्यामुळे शिकणारा भिंतीशी चाळा करत बसतो, पाणी लावत राहतो आणि चिनी माती लगदा होऊन खाली बसते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना म्हणून मी काठाच्या वेळी पेडलवरून पाय काढायला लावतो. मोटरचं चाक हलकं, लगेच थांबतं. तेवढ्यात काठ उरकायचा. सध्या तरी वाकडे काठच जास्त निघतात, आणि मुलं माझ्यावर वैतागलेली असतात.