घाटाखालची नौका

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला खाऱ्या पाण्याची कमतरता नाही. लोणारचे सरोवर खारे आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तर सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या कित्येक विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. पण समुद्र मात्र दूर. मलकापूरहून रेल्वेने मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर. बी.एड. होईपर्यंत मी समुद्र पाहिलेला नव्हता. असा मी, घाटाखालच्या गावात बसून, गेल्या हिवाळ्यात मुंबईहून जेद्दाकडे शिडाची नौका घेऊन निघालो!

ही नौका संगणकात होती. 'सेलअवे' नावाचा एक खेळ आहे. त्यात साऱ्या जगाचे समुद्र आहेत. शर्यतीच्या नौका त्यात आहेत. मी मात्र अडतीस फुटांची साधी प्रवासी नौका निवडली. बायकामुलांना घेऊन, बेताबेताने लांबचा प्रवास करणारे लोक अशी नौका वापरतात. तिला एक डोलकाठी, दोन शिडे, मागे सुकाणू. वेग ताशी पाच-सहा सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. आपली सायकल याहून जोरात जाते.

या खेळातला वारा मात्र खोटा नाही. खऱ्या समुद्रावर त्या दिवशी हवामानखात्याच्या अंदाजाप्रमाणे जो वारा असेल, तोच पडद्यावर वाहतो. वेळही खरी. मुंबई ते जेद्दा हे अंतर सुमारे तेवीसशे सागरी मैल. म्हणजे वारा चांगला असला तरी वीस दिवस. संगणक बंद केला तरी नौका ठरवलेल्या दिशेने चालतच राहते. चौथ्या रात्री मी निश्चिंत झोपलो. पहाटे पाहतो तर वारा फिरलेला, शिडे फडफडत होती आणि नौका वाट सोडून दक्षिणेला गेलेली. मग रात्री दोन वाजता उठून पाहण्याची सवय लागली. "हा खेळ आहे की नोकरी?" असे घरात विचारले गेले. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

वाऱ्याच्या अगदी समोर नौका जाऊ शकत नाही. साधारण पंचेचाळीस अंश तिरपे, आधी उजवीकडे, मग डावीकडे, असे नागमोडी जावे लागते. हे मी पुस्तकात वाचले होते. कळले मात्र सुकाणू हातात घेतल्यावर. या सुकाणूशी तुमचे नाते आहे बरे का! अरबीत जहाजाच्या सुकाणूला 'सुक्कान' म्हणतात. उर्दूतला 'नाखुदा' मराठीत 'नाखवा' झाला. आणि जुन्या जहाजांवर वाट दाखवणाऱ्याला 'मालिम' म्हणत. तो शब्द 'मुअल्लिम'वरून आला. माझ्यासारख्या शिक्षकाला याचा थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

साध्या नौकेला कमी लेखू नये. मुंबईत बांधलेली 'सुहैली' अवघी बत्तीस फुटांची होती. अरब खलाशी आखातातल्या आग्नेयेच्या वाऱ्याला ज्या नावाने ओळखत, तेच नाव तिला दिले होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे 14 जून 1968 रोजी तिच्यातून इंग्लंडहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीला प्रदक्षिणा घालून 22 एप्रिल 1969 रोजी परतले. असे करणारे ते पहिलेच. 312 दिवस लागले. सरासरी वेग ताशी चार सागरी मैलांच्या आसपास!

मी जेद्दाच का निवडले? नानीमुळे. नाना-नानी 1978 साली हजला गेले ते जहाजाने. मलकापूरहून रेल्वे, मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग जहाज. हजची जहाजे पुढे 1995 पर्यंत चालली. येताना नानी एकटीच आली. बाबुल मंदब ओलांडून दोन दिवस झाले होते, तेव्हा नानांचा ताप वाढला आणि रात्री ते गेले. फजरनंतर जनाज्याची नमाज झाली आणि त्यांना समुद्राच्या स्वाधीन केले. आमच्या घरी सर्वांच्या कबरी कुठे आहेत ते सर्वांना माहीत आहे. नानांची नाही.

नानी आता ऐंशीच्या पुढे आहे. नजर मंदावली आहे. पहिल्या दिवशी पडदा जवळ घेऊन ती म्हणाली, "एवढीशी होडी? आमच्या जहाजात तर अख्खे मलकापूर मावले असते." पण दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबर तिचा प्रश्न ठरलेला, "बेटा, कुठवर आलो?" 'आलो' म्हणायची ती, 'आलास' नव्हे.

दोन दिवसांत ते मोठे जहाज किती अंतर कापत असेल याचा मी नकाशावर हिशेब केला. सोकोत्रा बेटाच्या उत्तरेला एक जागा निघाली. जागा कसली, शंभर मैलांचा अंदाज! तरी तिला सांगितले. ती काही बोलली नाही.

अकराव्या दिवशी पहाटे आम्ही तिथे पोचलो. नानी वुजू करून आली होती. "थांबव," ती म्हणाली. शिडाची नौका बैलगाडीसारखी थांबत नाही, हे तिला काय सांगणार? मी दोन्ही शिडे उतरवली. नौका हळूहळू वाहत, लाटांवर नुसती डुलू लागली. पडद्यावर निळसर पाणी, वर फिकट होत जाणारे तारे. माणूस एकही नाही. त्या खेळात माणसांची गर्दी, डेकवरची नमाज, डाळीचा वास, रडणारे मूल, यांतले काहीच नाही. नानीने हात उचलले आणि फातिहा पढली. मी संगणकाचा आवाज बंद करायला गेलो, तर तिने मान हलवली. लाटांचा आवाज तिला हवा होता.

बराच वेळ गेला. शाळेची वेळ होत आली.

"आता शीड चढव," ती म्हणाली. मग पदराने चष्मा पुसत तिने विचारले, "वारा कुठला आहे रे?"

"ईशान्येचा, नानी."

"म्हणजे आपल्याकडचाच," ती म्हणाली आणि चहा घ्यायला उठली.