मुक्काम परळ

परळच्या टाटा रुग्णालयावरून माझा नित्याचा रस्ता जातो. तोंडाला फडके बांधलेली, डोक्यावरचे केस गेलेली मुले तेथे दिसली, की येणाराजाणारा ‘अरेरे!’ म्हणून पुढे होतो. हा उद्गार आता जुना झाला आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले, तेव्हा तो यथार्थ होता. रक्ताचा कर्करोग जडलेले मूल थोड्या दिवसांचे सोबती समजावे, असेच त्या वेळी जगातले सारे डॉक्टर सांगत.

हे पालटले कसे, त्या कथेचा एक धागा मुंबईच्या गिरण्यांत सापडतो. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई येथे आल्या आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पांडुरोगावर त्यांनी यीस्टच्या अर्काचा उतारा शोधला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. तेच द्रव्य रक्ताच्या कर्करोगास मात्र खतपाणी घालते, असे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांस आढळले. तेव्हा त्याचा वैरी हवा होता; तो अमेरिकेत येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या हाताखालील रसायनज्ञांनी घडविला. १९४८ साली फार्बरांनी प्रसिद्ध केले, की सोळा मुलांपैकी दहांस त्याने उतार पडला. उतार तात्पुरताच होता. पण दार किलकिले झाले. आज मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून संपन्न देशांत शंभरांतील सुमारे नव्वद मुले बरी होतात.

आपल्याकडे औषध तेच. अडते ते मुक्कामाशी. हा उपचार दोन-अडीच वर्षांचा. औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, आणि मग साधा तापही प्राणावर बेततो. अशा वेळी मूल रुग्णालयापासून घटकाभराच्या अंतरावर हवे, पाणी उकळलेले हवे, खोली स्वच्छ हवी. रक्तस्राव थांबविणाऱ्या बिंबिका दात्याकडून घेतल्यावर जेमतेम पाच दिवस टिकतात. त्या खेड्यात नेऊन ठेवता येत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलास तर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते, तेही जन्मभर. म्हणून दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेसारखी जागा मला औषधालयाचाच एक विभाग वाटते. आमचे दानशूर मात्र यंत्रावर नाव कोरून घेण्यास जितके उत्सुक, तितके कोणाचे खोलीभाडे भरण्यास नसतात. भाड्याच्या पावतीवर नाव कोरता येत नाही, हेच कारण असावे.

गेल्या पावसाळ्यात वऱ्हाडातील एक कापूसवाला शेतकरी बसथांब्यावर माझ्याशेजारी उभा होता. डॉक्टरांनी मुलगी बरी होईल म्हणून सांगितले होते. त्याचा चेहरा तरीही उतरलेलाच. तो बोटांवर काही मोजत होता. वर्षे नव्हेत, हंगाम.

“तीन पेरे जातील बाप्पा,” तो म्हणाला. “अन् इथं चूल कुठं मांडू देतेत?”

त्याच्या खिशात सहा धर्मशाळांच्या पत्त्यांची चिठ्ठी होती. चार नावांवर त्याने काट मारली होती. पाचव्या पत्त्याची बस कोणती, तेवढे मी त्यास सांगितले.