रिपोर्टची शेवटची ओळ

फुप्फुसावरच्या आवरणाचा, म्हणजे प्लुराचा तुकडा तपासायला आला आणि त्यात कॅन्सर दिसला, की तेवढं लिहून थांबावं, पुढच्या मार्करचा, म्हणजे पेशींचं मूळ ओळखणाऱ्या रंगचाचण्यांचा खर्च रुग्णावर लादू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना मी तेच सांगत आलो. आज माझं मत तसं नाही. ते का बदललं, हे सांगावंसं वाटतं.

ते मत काही हवेतून आलं नव्हतं. असा रुग्ण बहुधा ‘छातीत पाणी झालंय’ म्हणून दाखल होतो. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबीच आठवतो, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे तुकडा आमच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा बऱ्याच जणांची एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, आधीच सुरू झालेली असते, दोन-तीनदा पाणी काढून झालेलं असतं आणि घरातली शिल्लक संपत आलेली असते. गाठ प्लुरातूनच उगवलेला मेसोथेलिओमा आहे, की फुप्फुसातून तिथवर पसरलेला अ‍ॅडेनोकार्सिनोमा, हे ठरवायला त्याच्याकडून आणखी पैसे मागायचे? तेही कशासाठी? २००३ साली पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन या जोडीने मेसोथेलिओमाच्या रुग्णांचं मध्यक आयुष्य सुमारे नऊ महिन्यांवरून बारा महिन्यांवर गेल्याचं दिसलं. पुढे तीच औषधं फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमालाही दिली जाऊ लागली. औषध तेच असेल तर नावाचा हट्ट कशाला, असं मी म्हणायचो. त्यामागे रुग्णाची कळकळ होती, हे मी आजही सांगेन.

पहिला धक्का औषधांनीच दिला. अ‍ॅडेनोकार्सिनोमात ईजीएफआर किंवा एएलके जनुकातला बदल सापडला तर गोळ्यांवर माणूस वर्षानुवर्षं चालता-फिरता राहू शकतो. मेसोथेलिओमाला त्या गोळ्यांचा उपयोग नाही. तिथे निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची जोडी आली. २०२१ साली तिच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. मेसोथेलिओमाच्या एपिथेलिऑइड सोडून बाकीच्या प्रकारांत केमोवर मध्यक आयुष्य ८.८ महिने होतं, ते या जोडीवर १८.१ महिने झालं. एपिथेलिऑइड प्रकारात फरक त्या मानाने थोडा होता. म्हणजे नुसतं नाव पुरत नाही, उपप्रकारही लिहावा लागतो. ही औषधं आजही बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत, हे मला माहीत आहे. पण परवडणार नाही हे आपणच गृहीत धरून निदान अर्धवट ठेवायचं, हा अधिकार मला कुणी दिला?

तरी एवढ्यावर माझं मत पुरतं बदललं नसतं. ते बदललं कॅन्सर नोंदणीच्या कामामुळे. आमचे रिपोर्ट वाचून त्यातले कोड भरणाऱ्या मुलीने एकदा मला विचारलं, “सर, मी इथे काय भरू?” मेसोथेलिओमाचा कोड सी-४५, फुप्फुसाच्या कॅन्सरचा सी-३४. माझ्या रिपोर्टमध्ये ‘प्लुरात कार्सिनोमा’ एवढंच लिहिलेलं. ती जे भरणार ते माझ्याच शब्दांवरून भरणार होती. भारतात मेसोथेलिओमा दुर्मीळ आहे असं आम्ही सगळेच सहज बोलून जातो. त्यातला किती भाग खरोखर दुर्मीळ आणि किती माझ्यासारख्यांनी मोघम लिहिलेला, हा प्रश्न त्या दिवसापासून पाठ सोडत नाही.

त्यानंतर मी वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड यांचा १९६० सालचा शोधनिबंध पुन्हा काढून वाचला. परीक्षेपुरता तो कधीच पाठ झाला होता. स्लेग्ज हे दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला टीबीचे रुग्ण पाहत. छातीत पाणी झालेले काही रुग्ण टीबीच्या औषधांना दाद देत नाहीत आणि ते शहराच्या पश्चिमेकडून येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पश्चिमेला निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. वॅग्नर पॅथॉलॉजिस्ट. निबंधात त्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण मांडले. एक सोडून सगळ्यांचा त्या अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आल्याची शक्यता दिसत होती. कित्येक जण खाणीत कधी कामाला नव्हते, लहानपण त्या भागात गेलं होतं इतकंच. दाद न देणारा टीबी, छातीत पाणी, गरीब माणसं: हे सगळं मला आमच्याच ओपीडीतलं वाटलं. वॅग्नरनी गाठीला नाव दिलं नसतं, तर खाणीपर्यंत कुणी पोहोचलं नसतं.

आता हे नाव कसं ठरतं, ते सांगतो. प्लुराला सूज आली की तिथल्या अस्तराच्या पेशी इतक्या वाढतात, इतक्या विद्रूप दिसतात, की टीबीतही कॅन्सरचा भास व्हावा. म्हणून आम्ही पेशीच्या रूपापेक्षा तिची जागा पाहतो. सुजेतल्या पेशी पृष्ठभागाशी राहतात, कॅन्सरच्या पेशी खाली छातीच्या भिंतीतल्या चरबीत शिरतात. केराटिनचा मार्कर लावला की चरबीच्या रिकाम्या गोलांमधून सरकणारी तपकिरी पेशींची रांग उठून दिसते. जाड झालेल्या प्लुरात चरबीसारखी दिसणारी पोकळ छिद्रंही असतात, ती वेगळी ओळखावी लागतात. नुसत्या पाण्याच्या तपासणीत ही खोली कळत नाही. मग कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ हे मेसोथेलिओमाच्या बाजूचे आणि क्लॉडिन-४, टीटीएफ-१ हे कार्सिनोमाच्या बाजूचे साक्षीदार. मला सर्वांत थक्क करतो तो बीएपी-१. इतर मार्करमध्ये आपण रंग शोधतो, इथे रंगाचं नसणं शोधायचं. शेजारचे लिम्फोसाइट तपकिरी, रक्तवाहिनीच्या अस्तराची केंद्रकं तपकिरी, आणि मधोमध गाठीच्या पेशींची केंद्रकं निळी, कोरी. नुसत्या सुजेत असं होत नाही. रंग शाबूत असला म्हणून मात्र कॅन्सर नाही, असं म्हणता येत नाही.

रुग्ण कुठे कामाला होता, यावरून हे निदान ठरवायचं नसतं. स्लाइड स्वतंत्रपणे वाचायची, हे माझं मत अजूनही कायम आहे. पण निदान झाल्यावर तो प्रश्न विचारणं हे माझं काम नाही, असं मी मानायचो, ते आता मानत नाही. एका निवृत्त कामगाराची मुलगी रिपोर्ट घ्यायला आली होती. “बाबांनी विडीला कधी हात लावला नाही, मग हे कशामुळे?” असं तिने विचारलं. मेसोथेलिओमाचा विडी-सिगारेटशी संबंध नाही, हे मी तिला सांगू शकलो, कारण नाव पूर्ण लिहिलेलं होतं. ऐन उमेदीत तिचे वडील बॉयलरच्या पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉसचं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं वेष्टण, काढायच्या कामावर होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं जपायला सांगितल्या, त्या याच आजारासारख्या उशिरा उगवणाऱ्या रोगांसाठी.

आता सर्जनकडे मी चरबीपर्यंतचा खोल तुकडा मागतो. टेक्निशियनला सांगून ठेवलंय, की प्लुराचा ब्लॉक पहिल्यांदा कापतानाच मार्करसाठी कोऱ्या स्लाइड काढून ठेव, कारण ब्लॉक पुन्हा मशीनवर चढवला की टिश्यू वाया जातो. पैशांची अडचण असेल तर दोन मार्कर या बाजूचे, दोन त्या बाजूचे, एवढ्यापासून सुरुवात करतो आणि बाकीच्यांसाठी समाजसेवा विभागाकडे चिठ्ठी पाठवतो. फॉर्मवरच्या व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘निवृत्त’ किंवा ‘गृहिणी’ लिहिलेलं असतं. रिपोर्टवर सही झाली की मी वॉर्डात फोन करून विचारायला सांगतो: विशी-तिशीत काय काम करत होता? आणि बाई असेल तर, घरात कुणाचे कामावरचे कपडे धुवत होती?