मुखवटा आणि गर्दी

आफ्रिकी कादंबरीतील नृत्य, वाद्ये, मुखवटे यांचा विचार बहुधा ‘वातावरणनिर्मिती’ या सदराखाली उरकला जातो. न्गुगी वा थिओंगो यांनी १९८०च्या गिकुयू कादंबरीचे, म्हणजे ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’चे, कथन गिचांडी-वादकाच्या तोंडी दिले तेव्हा निदान हेतू उघड होता, तेथे संगीत प्रतिपादनाच्या दावणीला थोडे अधिकच बांधले गेले, ही गोष्ट वेगळी. चिनुआ अचेबे यांच्या ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’मध्ये (१९६४) हा प्रश्न अधिक खोल जातो.

पुरोहित एझेउलूचा थोरला मुलगा एडोगो मुखवटे कोरतो. हे काम घरी करायचे नाही, त्यासाठी राखलेल्या खोपटात करायचे, असा दंडक. नवा मुखवटा पुरा होतो, पण त्याचे नाक एडोगोला खटकते : उग्र आत्म्याच्या चेहऱ्यावर ते अंमळ नाजूक उतरले आहे. मुखवटा ज्यांचा, ते प्रसन्न असतात. कारागिराला तेवढे पुरत नाही. मुखवटा नाचल्याखेरीज त्याची परीक्षा नाही, हे तो जाणतो. म्हणून तो गर्दीत जागा बदलत हिंडतो. मुखवटा सजीव होताच ते नाजूक नाकच उरलेल्या चेहऱ्याला अधिक भयप्रद करते. स्तुती पुष्कळ होते. एका जुन्या विख्यात मुखवट्याशी तुलना मात्र कुणीच करीत नाही, आणि नेमकी तीच ऐकायला त्याचे कान आसुसलेले असतात. कलावंताच्या एकाकीपणाचे इतके संयत चित्रण क्वचितच आढळते. एझेउलूने धाकट्या ओडुचेला चर्चमध्ये धाडताना नाचत्या मुखवट्याचाच दृष्टांत दिला होता. एडोगोचे हिंडणे हे त्या दृष्टांताचे नकळत घडलेले आचरण होय.

दुसरा भाऊ ओबिका. अंगात ताप असताना, नकार दिला तर लोक गैरसमज करून घेतील म्हणून, तो एका अंत्यविधीत आत्मा होऊन रात्रभूमीवर धावतो, आणि परतताच कोसळून मरतो. ‘सोंग’ या शब्दातील खोटेपणाची छटा येथे दिशाभूल करते. बोहाडा पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे सांगावे लागणार नाही. धावणारा ओबिका काही ‘दाखवीत’ नसतो. त्यामुळे त्याचा मृत्यू हा कथानकाने ओढवून आणलेला अपघात वाटत नाही. एझेउलूचे मन त्या आघाताने ढळते. गावाला मात्र तो देवाने आपल्याच पुरोहिताविरुद्ध दिलेला कौल वाटतो, आणि शेतातले यामचे कंद ख्रिस्ताच्या नावाने निघू लागतात.