पेटीचे नाव पैशाला

नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाची पैशाशी पहिली ओळख बहुधा मातीच्या गल्ल्यातून होते. फटीतून आत गेलेले नाणे गल्ला फोडल्याशिवाय हाती येत नाही, आणि तोवर खुळखुळाटावरूनच शिलकीचा अंदाज बांधावा लागतो. पुढे रविवार कारंजावरच्या दुकानात ‘आज गल्ला किती जमला?’ असे कानी पडते, तेव्हा तोच शब्द पेटीवरून पेटीतल्या रकमेवर सरकलेला असतो. इंग्रजी ‘कॅश’चा प्रवासही नेमका असाच झाला आहे. लॅटिन ‘काप्सा’, म्हणजे पेटी, या शब्दापासून इटालियन ‘कास्सा’ आणि फ्रेंच ‘कास’ हे शब्द झाले, आणि त्यांच्यावरून इंग्रजीत आलेल्या ‘कॅश’चा आरंभीचा अर्थ पैशाची पेटी असाच होता, पुढे आतल्या रोकडीला ते नाव चिकटले आणि पेटी विस्मरणात गेली. नाशिक रोडच्या ज्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात, तिथे पाळीला जाणाऱ्या कामगाराला तिची आठवण होण्याचे कारण नाही. एटीएममध्ये नोटा भरण्याच्या पेटीला मात्र ‘कॅसेट’ म्हणतात, आणि हा शब्द त्याच ‘कास’चे लघुरूप आहे.

इंग्रजीत आणखी एक ‘कॅश’ होता, आणि मराठी वाचकाला तो अधिक जवळचा वाटावा. दक्षिणेतील हलक्या किमतीच्या नाण्याचे हे नाव तमिळ ‘कासु’वरून पोर्तुगिजांमार्फत इंग्रजीत गेले, आणि ‘कासु’चा संबंध काही अभ्यासक संस्कृत ‘कर्ष’ या वजनाशी जोडतात. याच कर्षावरून ‘कार्षापण’ या नाण्याला नाव मिळाले, आणि त्याचे प्राकृत रूप ‘काहापण’ नाशिकच्या पांडवलेणीतील दहाव्या लेण्यात कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी 3000 काहापण गोवर्धन येथील कोलिकनिकायांकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, कायमचे ठेवले. 2000 एका संघाकडे दरमहा शेकडा एक दराने आणि 1000 दुसऱ्याकडे शेकडा पाऊण दराने, या अटीवर की मुद्दल परत द्यायचे नाही, केवळ व्याज उपभोगायचे. व्याजाला तिथे ‘वढि’ म्हटले आहे, जी मराठीच्या ‘वाढीदिढी’त अजून ऐकू येते, आणि पाऊण या दराला ‘पायून’. पाथर्डी फाट्याजवळच्या, लेण्यांच्या त्या टेकडीखाली भाजी घेणारे गिऱ्हाईक आजही पाऊण किलोच मागते.